तीन आणि थोडं

सातवी ब. पट एकतीस, हजर बावीस.
फळ्यावर मी वर्तुळ काढलं
आणि ते नेहमीसारखं बटाट्यावर गेलं.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
बाई, आमच्या आळीत या,
तिथं गोल म्हणजे गोल असतो.

म्हणून शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतर,
मुख्याध्यापकांची नाराज सही घेऊन
आम्ही तांबट आळीत शिरलो.
प्रत्येकाच्या हातात एक सुतळी,
खिशात खडू, आणि कैफ बागवानच्या खिशात
गोट्याही. मी पाहिल्या. बोलले नाही.

गजाभाऊ पिंपळे हंड्यावर ओणवे.
मान वर न करता म्हणाले,
मोजायला आलात, तर आधी ऐका.
ठक् ठक् ठण्.
तळाच्या फेऱ्यात चोवीस ठोके,
त्याच्या बाहेर तीस, मग छत्तीस.
पोरं डोळे मिटून मोजू लागली,
लपाछपीत राज्य आल्यावर मोजतात तशी,
आणि कैफ, ज्याचा सहाचा पाढा
दोन वर्षं अठरापाशी अडलेला,
बेचाळीस म्हणाला.
हातोडी अजून वरच होती.

मग आमचा खेळ.
घंगाळाच्या काठाभोवती सुतळी फिरवायची,
टोकाला टोक भिडलं की कापायची.
आता तीच तोंडावर आडवी धरायची,
या काठापासून त्या काठापर्यंत.
किती वेळा पुरते?
एकदा. दोनदा. तीनदा.
आणि थोडी उरते.
तांब्या घेतला: तीनदा आणि थोडी.
बंब, ज्याला कवेत घ्यायला दोघं लागली:
तीनदा आणि थोडी.
देव्हाऱ्यातली इवलीशी वाटी,
हिच्यात काय मेलं उरणार!
तिथंही नखाएवढं उरलंच.

गजाभाऊंना औटकी तोंडपाठ,
दोन औट सात, तीन औट साडेदहा.
पण भांडं औटाचं ऐकत नाही, ते म्हणाले.
औटानं पत्रा कापला तर तांबं वाया,
तिनानं कापला तर सांधा भेटत नाही.
मधलं जे आहे ना, ते हाताला कळतं.
तुम्ही वहीत कसं लिहिता?

बावीस भागिले सात, मी म्हणाले.
त्यांनी हातोडी खाली ठेवली,
पत्र्याकडे पाहत मनाशी काही केलं.
जवळ आलात, म्हणाले.

काका, गणित शिकून तांबट झालात?
नाही रे. भांडी करता करता
ते येऊन बसलं. आता उठत नाही.

परतताना मोनाली गांगुर्डे
पहिल्यांदाच माझ्या बाजूनं चालली.
तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात,
हल्ली कमी, फ्लेक्स आल्यापासून.
पप्पा पण आधी चौकोन आखतात, बाई.
'र'ला एक पुरतो, 'ळ'ला दीड लागतो,
आणि मालकाचं नाव लांब असलं
की सगळ्यांनाच थोडं सरकावं लागतं.
तिच्या पेपरावर मी लाल शाईनं
किती गोल काढलेत, मला आठवत होतं.
तेही नीट गोल नव्हते.

सोमवारी तिनं वही उघडली.
आईची बांगडी. पोळपाट. कुकरचं झाकण.
निमाणी स्टँडवर उभ्या बसचं चाक,
कंडक्टर ओरडेपर्यंत अर्धंच झालेलं.
प्रत्येकापुढं तीन, आणि तिनापुढं
उरलेला सुतळीचा तुकडा, डिंकानं चिकटवलेला,
लांबीप्रमाणे ओळीनं.

सगळ्यात उरतं, बाई.
पण संपतं कुठं?

मला जे माहीत होतं ते सांगितलं:
की अजून कुणाला शेवट सापडलेला नाही,
आकडे चालतच राहतात.
तिनं मान हलवली, जणू हे
तिला बसच्या चाकानंच सांगितलं होतं,
आणि डिंकाची बाटली मागितली.

संध्याकाळी टाचणवहीत लिहिलं:
घटक, वर्तुळाचा परीघ.
शेरा या रकान्यात पेन थांबलं.
पूर्ण, असं लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं, थोडं शिल्लक.